हे गेले

चतुराबाईंच्या हातातली भेंडी हातातच राहिली.

“म्हणजे डॉक्टर घरी जेवायला गेला की आजाऱ्याचं औषध बंद? कुणा मुडद्यानं लिहिलं हे?”

“कुणी मुद्दाम नाही गं लिहिलं, आज्जी,” ऋचा म्हणाली. हिमायतनगरच्या त्या फ्लॅटात जेवणाच्या टेबलावरच नातीनं ऑफिस थाटलं होतं. आखातातल्या एका दवाखान्याचं सॉफ्टवेअर तिच्या कंपनीकडे होतं. त्यांना काय काय हवं ते अरबीत लिहून यायचं, आणि ज्या वाक्याचे दोन अर्थ निघतील ते हुडकून सरळ करायचं, हे तिचं काम. “त्यांनी लिहिलंय, डॉक्टर रुग्णाला दुसऱ्या डॉक्टरकडे सोपवतो आणि तो गेल्यावर त्याची फाइल बंद करावी. अरबीत हा ‘त्याची’ शब्दाच्या शेपटीला नुसता चिकटलेला असतो. कोण गेल्यावर? कुणाची फाइल? आमच्या पोरांनी धरलं, डॉक्टर गेला की रुग्णाची. फाइल बंद झाली की औषधंही बंद. बरं झालं, चाचणीतच कळलं.”

“अगं बाई, जीव गेला असता की कुणाचा!”

“म्हणून आता ‘तो’ लिहायचाच नाही. दर वेळी नाव घ्यायचं.”

बाईंनी नाक मुरडलं. “लग्नातल्या उखाण्यानंतर ह्यांचं नाव मी तोंडातून काढलं नाही. ‘हे’ म्हटलं की सगळ्या घराला कळतं. तुमच्या त्या अरबांना अक्कल नाही, त्याला मी काय करू?”

ऋचा हसली आणि कानांना हेडफोन लावून मीटिंगसाठी आतल्या खोलीत गेली.

बाई पाणी प्यायला उठल्या आणि बघतात तर काय, एकनाथरावांची खुर्ची रिकामी. मोबाइल तसाच चार्जिंगला. चष्म्याची दांडी मोडल्यापासून नवऱ्यानं ती दुरुस्त करायला सुलतान बाजारात जायचा धोशा लावला होता. चक्कर येते, एकटं जायचं नाही, असं बाईंनी हजारदा बजावलेलं. तरी गेलेच! संतापानं त्या रडकुंडीला आल्या. त्यांनी मुलाला, मधुकरला, सिकंदराबादच्या ऑफिसात फोन लावला. मागच्याच महिन्यात मधुकरच्या हृदयात स्टेंट बसवली होती. त्याला धक्का बसेल असं कुणी काही बोलायचं नाही, ही ताकीद घरभर खुद्द बाईंनीच दिली होती.

“मधू, हे गेले रे. कित्ती सांगितलं, माझं ऐकलं नाही. गेले.”

पलीकडून फोन बंद झाला.

“बापाचंच पोर. हूं नाही की चूं नाही,” म्हणत बाई पुन्हा भेंडीला बसल्या.

थोड्या वेळानं फोन वाजला. मधुकरच्या ऑफिसातला अनिल बोलत होता. “अम्मा, साब कुर्सी से गिर गए. छाती पकड़े हैं. बाबा गुजर गए बोलके रो रैं. गोली नक्को बोल रैं, बाबा के पास जाना बोल रैं.”

विळी कलंडली. बाईंना वाटलं, पायाखालची फरशी कुणीतरी ओढून घेतली. कोण गुजरलं? कुणी सांगितलं? आणि मग कळलं, कुणी सांगितलं ते.

त्यांची किंकाळी ऐकून ऋचा धावत आली. फोनचा आवाज तिनं मोठा केला. आतून मधुकरचे हुंदके येत होते.

“आई... बाबांना नेऊ नका गं... मी येतोय...”

“अरे, हे गेले म्हणजे हे गेले नाहीत रे! हे गेलेत!”

“हो गं आई... कळलं... किती वाजता गेले?”

“आज्जी, ‘हे’ नको!” ऋचा ओरडली. “नाव घे! आजोबांचं नाव घे!”

पदर डोक्यावर ओढायला बाईंचा हात वर गेला आणि तिथंच थांबला.

“एकनाथराव,” त्या म्हणाल्या. स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला. “एकनाथराव जिवंत आहेत. एकनाथराव चष्मा दुरुस्त करायला सुलतान बाजारात गेलेत. मधुकर, ऐकतोस? एकनाथराव मेले नाहीत. मधुकरनं गोळी जिभेखाली ठेवायची. आत्ता!”

फोनमध्ये नुसती धाप ऐकू येत होती. मग अनिलचा आवाज आला, “रक्खे, अम्मा. साब गोली रक्खे. गाड़ी आ गई, दवाखाने को लेके जा रैं.”

“एकनाथराव जिवंत आहेत,” बाई फोनला सांगतच राहिल्या. “एकनाथराव जिवंत आहेत.”

दारात दुरुस्त चष्मा लावलेले एकनाथराव चौकट धरून उभे होते. चेहरा पांढराफटक.

“काय झालं?” त्यांनी विचारलं. “माझं नाव कोण घेतंय?”