मारिसोलचे तुळशीदासकाका

कुवेतमधल्या हवल्लीतल्या निदान वीस मुलांचे काका गुहागर डेपोत कंडक्टर होते. नाव तुळशीदास. माणूस स्पष्टवक्ता, शिस्तीचा, संकटात न डगमगणारा. हे सगळं त्या मुलांच्या इंग्रजी निबंधांत लिहिलेलं असायचं, आणि त्यांतल्या एकाही मुलानं गुहागर पाहिलेलं नव्हतं. कुणी केरळचं, कुणी हैदराबादचं, दोघं तर लाहोरचे. तरी काका एकच.

हे काका खरे चारुशीलाचे. चारुशीला म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची ट्यूशन टीचर. नवरा शैलेश शुवैखला एका गॅरेजमध्ये स्पेअर पार्ट्सच्या काउंटरवर बसायचा आणि घरचं जेवणाचं टेबल दुपारी चार ते सात तिच्या ताब्यात असायचं. तिची एक वही होती. त्या वहीत इंग्रजीतले साठ वाक्प्रचार, प्रत्येकाला नंबर, पुढे अर्थ, पुढे एक तयार वाक्य. ही वाक्यं ओवून केलेले चार निबंध मागच्या पानांवर. ती नुसतं "सत्तावीस!" म्हणाली की समोरच्या पोरानं सत्ताविसावं वाक्य घडाघडा म्हणायचं. ती स्वतः गुहागरच्या शाळेत असंच शिकली होती आणि बोर्डात इंग्रजीला एक्क्याऐंशी मिळवले होते. इथल्या भारतीय-पाकिस्तानी शाळांतल्या तपासणाऱ्या बाईही कुठून तरी अशाच शिकून आलेल्या, त्यामुळे विसावे तुळशीदासकाका वाचूनही दहापैकी आठ देऊन मोकळ्या व्हायच्या. कुणाची काही तक्रार नव्हती.

ऑक्टोबरात मारिसोल आली आणि गणित बिघडलं.

मारिसोल इक्वेडोरची, वय तेरा, बोली स्पॅनिश. तिची आई ग्रासिएला खालच्या मजल्यावर राहायची आणि एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपी करायची. आईचं इंग्रजी पेशंटला आडवं करून पाय वर उचलायला लावण्यापुरतं. पोरगी इंग्रजांच्या शाळेत होती. आल्या आल्या शाळेनं तिला एक वर्ग खाली बसवलं होतं, आणि आता चिठ्ठी आली होती की जानेवारीतल्या परीक्षेत इंग्रजी जमलं नाही तर आणखी एक वर्ग खाली. म्हणजे तेरा वर्षांची ही उंच पोर अकरा वर्षांच्या चिमुरड्यांत बसणार. ग्रासिएलानं ही चिठ्ठी चारुशीलाच्या टेबलावर ठेवली आणि दोन्ही हात जोडले. हात जोडायचे हे तिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे.

"होऊन जाईल," चारुशीला म्हणाली. "जानेवारीपर्यंत साठच्या साठ पाठ करून घेते."

पहिले दोन आठवडे पोरीनं नुसता पिच्छा पुरवला. प्रत्येक नंबरला "व्हाय?" चेष्टा करायची तर इंग्रज पाय का ओढतात? आमच्याकडे केस ओढतात, असं म्हणून तिनं स्वतःची वेणी ओढून दाखवली. चारुशीलाला हसू आलं. मराठीत टोपी उडवतात, फिरकी घेतात, पण तिनं ते सांगितलं नाही, कारण बोलत बसलं तर साठ कधी पुरे होणार? मारिसोल म्हणे, आमच्याकडे स्पष्ट बोलणाऱ्या माणसाच्या जिभेवर केस नसतात. आता तुमच्या 'कॉल अ स्पेड अ स्पेड'मध्ये फावडं कुठून आलं? बोलणाऱ्याला फावडं कशाला लागतं?

"डोन्ट आस्क व्हाय," चारुशीला म्हणाली. "नोबडी आस्क्स. बाय-हार्ट इट."

तिसऱ्या आठवड्यात मारिसोलनं विचारणं बंद केलं. चारुशीलाला वाटलं, चला, गाडी रुळावर आली.

आणि काय पाठांतर हो त्या पोरीचं! नंबर सांगायचा अवकाश, वाक्य हजर. स्वल्पविरामाला थांबणार, पूर्णविरामाला श्वास घेणार. डिसेंबरात तिनं साठ वाक्यं अकरा मिनिटांत म्हणून दाखवली. चारुशीलानं शैलेशला हातातला चहा ठेवायला लावून ऐकायला उभं केलं.

"बघितलंत? एक अक्षर इकडचं तिकडे नाही."

"छान आहे," शैलेश म्हणाला. "पण अगं, तिला कळतंय का?"

"पाठ झालं की कळतं हळूहळू. मला नाही का कळलं?"

शैलेशनं पुन्हा चहाचा कप उचलला. एक्क्याऐंशी मार्कांपुढे तो नेहमीच गप्प बसायचा, त्याचे स्वतःचे एकेचाळीस होते.

जानेवारीत परीक्षा झाली आणि आठवडाभरानं ग्रासिएला धावत वर आली. हातात फोन, डोळे लाल. फोनमध्ये स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलली आणि फोननं निर्विकार इंग्रजीत सांगितलं, मारिसोलनं निबंध चोरला असं शाळा म्हणते, आणि तिला खाली बसवायचं की नाही ते रविवारी ठरवणार आहे.

चारुशीलाला कळेना. चोरला? कुणाचा? परीक्षेला पोरीला वेगळ्या खोलीत एकटीला बसवलं होतं. चिठ्ठी नाही, शेजारी नाही, फोन बाहेर ठेवलेला. मग कॉपी केली तरी कुणाची, भिंतीची? तिनं ग्रासिएलाला चार-चारदा विचारलं आणि ग्रासिएलानं चार-चारदा खांदे उडवले.

इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची, त्यामुळे रविवारी शाळा भरलेली; ती स्वतःच शाळेत निघाली. इस्त्रीचा कुर्ता घातला, वही बगलेत घेतली.

"अगं, वही कशाला नेतेस?" शैलेशनं विचारलं.

"पुरावा नको?"

"कसला पुरावा?"

"तिनं चोरलं नाही याचा! मी दिलंय ते सगळं, माझ्या अक्षरात आहे."

शैलेशनं तिच्या बगलेतल्या वहीकडे पाहिलं. त्यालाही नक्की काय खटकतंय ते सांगता येईना.

शाळेतल्या इंग्रजीच्या बाई, मिस हेदर, पिकल्या केसांच्या आणि हळू बोलणाऱ्या होत्या. चारुशीला भांडायच्या तयारीनं गेली होती, पण बाई रागावलेल्या दिसेनात, उलट पाणी हवं का विचारत होत्या. हे काही ठीक लक्षण नाही असं तिला वाटलं. टेबलाच्या एका बाजूला मारिसोल आणि ग्रासिएला, मधे तो निबंध. विषय होता, मला आदर वाटतो अशी व्यक्ती.

"मारिसोल," बाईंनी विचारलं, "तुझे एक काका आहेत, तुळशीदास?"

"येस, मिस."

"कुठे असतात?"

"गुहागर डेपो, मिस."

"गुहागर कुठे आहे?"

मारिसोलनं चारुशीलाकडे पाहिलं. ग्रासिएलानंही पाहिलं. आपल्या नात्यात हा माणूस कधी आला, याचा विचार तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

आता मात्र चारुशीलाला राहवेना. ती म्हणाली, मॅडम, यात चोरी कसली? काका माझे आहेत. निबंध माझा आहे. मीच दिला. नाव बदल असं मी सांगितलं होतं, तेवढं तिच्या लक्षात आलं नसेल. पण बाकी सगळं तिनं डोक्यात ठेवून लिहिलंय, तीन महिने मेहनत केलीय. खोटं वाटत असेल तर आत्ता म्हणायला लावा. आणि बाई काही बोलायच्या आत तिनं पोरीकडे वळून हुकूम सोडला, "मारिसोल, एसे टू. स्टार्ट!"

मारिसोल उभी राहिली. हात मागे बांधले आणि सुरू झाली. काका फावड्याला फावडंच म्हणतात इथपासून ते काका माझ्या कुटुंबाचा कणा आहेत इथपर्यंत, मधे न अडखळता, न चुकता. चारुशीलाचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. शेवटचा शब्द पडला तेव्हा तिचा ऊर भरून आला. गुहागरच्या शाळेत अशा मुलीला स्टेजवर उभं केलं असतं, सगळ्या शाळेला टाळ्या वाजवायला लावल्या असत्या.

इथे टाळ्या वाजल्या नाहीत. मिस हेदर पोरीकडे बघत होत्या, आणि त्यांच्या नजरेत जे काही होतं ती शाबासकी नव्हती. चारुशीला गोंधळली. आणखी काय हवं होतं या बाईला? अख्खा निबंध तर सिद्ध करून दाखवला!

"सुंदर पाठ आहे," बाई म्हणाल्या. "आता मला एक वाक्य तुझं सांग. आज सकाळचं. काहीही."

मारिसोलनं वाट पाहिली. मग मान वळवून चारुशीलाला हळूच विचारलं, "नंबर?"

चारुशीलाचा वहीकडे गेलेला हात मागे आला. का आला ते तिला लगेच कळलं नाही, तिनंच तर तीन महिने नंबर दिले होते. "नो नंबर," ती कशीबशी म्हणाली. पोरगी कावरीबावरी झाली. नंबर नाही म्हणजे काय करायचं, हे तिला कुणीच शिकवलं नव्हतं.

"तुम्ही आधी सांगा," मिस हेदर चारुशीलाला म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता. "तुमचं ऐकलं तर तिला धीर येईल. तुमची सकाळ कशी गेली?"

एवढं सोपं! चारुशीलानं तोंड उघडलं. पहिल्यांदा चौदावं वाक्य जिभेवर आलं, मग एकतिसावं. ती दोन्ही काकांविषयी होती. सकाळी ती पाच वाजता उठली होती, शैलेशच्या डब्यातल्या भाजीत दोनदा मीठ घातलं होतं, टॅक्सीत छातीत धडधडत होतं, हे सगळं मनात मराठीत लख्ख होतं. इंग्रजीत त्यातलं काही येईना. सोळा वर्षं ती या भाषेवर घर चालवत होती.

"माय हँड्स आर कोल्ड," ती अखेर म्हणाली. "आय ॲम अफ्रेड. फॉर धिस गर्ल."

मारिसोल तिच्याकडे बघतच राहिली. टीचर घाबरते हे तिला नवीन होतं. मग तिनं मागे बांधलेले हात सोडले आणि टेबलाकडे बघत एकेक शब्द काढला.

"आय लर्न ऑल. आय अंडरस्टँड नथिंग." थोडं थांबून, "टीचर इज सो हॅपी. सो आय नो टेल."

मिस हेदरनी ती वाक्यं कागदावर उतरवून घेतली. मग त्या बरंच काही बोलल्या, अगदी सावकाश. त्या निबंधाला मार्क देता येणार नाहीत. पण आत्ता ती जे बोलली त्याला देता येतील. तिला लगेच खाली बसवणार नाही, महिन्यानं पुन्हा तोंडी परीक्षा घेऊ, तोवर रोज मधल्या सुट्टीत तिनं माझ्याशी बोलायला यायचं. जमेल का, ते महिन्यानं ठरेल.

चारुशीलाच्या कानावर हे सगळं पडत होतं आणि पडून खाली जात होतं. तिसऱ्या आठवड्यात पोरीनं "व्हाय" विचारणं बंद केलं तो दिवस तिला आठवत होता. त्या दिवशी तिनं पोरीला खुशीनं दोन लाडू दिले होते. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

ग्रासिएलानं तिचा दंड हलवला. घाईघाईनं फोन पुढे धरला. काय झालं? माझी मुलगी काय बोलली? बाईंनी लिहून का घेतलं?

चारुशीलानं फोन हातानं खाली केला आणि त्या आईच्या डोळ्यांत बघून, तिला समजेल अशा तुटक इंग्रजीत सांगितलं. ती म्हणते, तीन महिन्यांत तिला काहीच समजलं नाही. तिनं सुरुवातीला मला विचारलं होतं. मीच म्हटलं, विचारू नकोस.