भाव उतरला, मी नाही

मी पेटी बोलतेय. सिगारची पेटी. ज्यांना नाक मुरडायचं आहे त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावं. तंबाखू वाईट हे माझ्या अंगावरच छापलेलं आहे, ते मला नव्यानं शिकवू नका. पण ‘उतरत्या भावात खपलेली’ असा एक शिक्का माझ्यावर मारला जातो, तो मात्र मी मारून घेणार नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका दमट बेटावरचा. सुवासिक लाकडाच्या पातळ फळ्या, पितळी बिजागऱ्या, झाकणावर तांबड्या कोंबड्याचं चित्र आणि पोटात हातानं वळलेल्या पंचवीस सिगार. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी जहाजातून कुवेतला आले आणि तिथल्या सालमिया भागातल्या एका दुकानात काचेच्या कपाटात जाऊन बसले. सिगार वाळली की तिची चव गेली, म्हणून त्या कपाटात ओल राखावी लागते. ते काम रत्नागिरीकडचे यूनुसभाई मनापासून करत. बाहेर रस्त्यावरचं डांबर पाघळायचं आणि मी आत गारव्याला असायची.

गिऱ्हाइकं यायची. मला उचलायची, हुंगायची, टिचकी मारायची आणि विचारायची, “आखरी बोलो.” यूनुसभाईंनी किंमत सांगितली की गुपचूप परत ठेवायची. अशी वर्षं गेली. माझ्याबरोबर आलेल्या बाकीच्या पेट्या खपल्या आणि कोंबड्याची मी एकटी उरले. त्याचं मला वाईट वाटलं नाही. टिचकी मारून कोणाची लायकी कळते, असं मला कधी वाटलंच नाही.

दोन हजार सहा साली दुकानाच्या मालकाला इंटरनेटवर लिलाव करायची हुक्की आली. तुम्हाला माहीत असलेल्या लिलावात भाव चढतो. ह्यात सगळं उलटं. सुरुवातीला भरमसाट किंमत लावायची आणि थोड्या थोड्या वेळानं ती उतरवत न्यायची. लोक आपापल्या घरी पडद्याकडे बघत बसतात. जो पहिला बटण दाबेल त्याला त्या घटकेच्या भावात माल, बाकीचे हात चोळत बसणार. लवकर दाबलं तर महाग पडतं, थांबलं तर दुसरा नेतो, आणि भाव कुठवर उतरणार हे कोणालाच सांगत नाहीत. पडद्यावर वर माझा फोटो आणि खाली घसरता आकडा. आकडा खुशाल घसरत होता. माझं मात्र एक कुसळसुद्धा निघालं नाही.

त्या आकड्याकडे कुवेतच्याच महबूला भागातल्या एका फ्लॅटमध्ये दोन मराठी इंजिनिअर टक लावून बसले होते. हे मला नंतर कळलं. एक पुण्याचा प्रसाद. तो कुवेत सोडून कायमचा घरी चालला होता. बायको लीना आणि मुलगी सलोनी आधीच गेल्या होत्या. दुसरा त्याचा मित्र, नाशिकचा जयप्रकाश. शेवटचे काही दिवस प्रसाद त्याच्याकडेच राहत होता.

प्रसाद स्वतः सिगार ओढत नव्हता. मी त्याला हवी होते ती अबू यूसुफसाठी. यूसुफचा बाप तो अबू यूसुफ, अशी हाक मारायची इथली रीत. नव्वद साली युद्ध आलं तेव्हा प्रसाद नेसत्या कपड्यांनिशी भारतात पळाला होता. पुढे कोणाच्या तरी ओळखीनं परत आला, तर जुनी कंपनी उरली नव्हती आणि शिक्षणाची प्रमाणपत्रं गहाळ झाली होती. अबू यूसुफनं एकही कागद न मागता त्याला आपल्या कंपनीत ठेवून घेतलं. त्याचा संसार उभा राहिला तो त्यामुळे. ह्या म्हाताऱ्याच्या आवडत्या कोंबड्याच्या सिगार युद्धातल्या लुटीत गेल्या आणि पुन्हा कधी त्याच्या हाती लागल्या नाहीत, हे प्रसादनं अनेकदा ऐकलं होतं. निरोप घ्यायला जाताना हीच पेटी न्यायची, असं त्यानं ठरवलं. पहिल्याच भावाला तो बटण दाबायला निघाला होता.

जयप्रकाश आडवा आला. ह्या गृहस्थानं आयुष्यात एकही वस्तू सांगितल्या किमतीला घेतली नव्हती. भाव थोडा उतरला, प्रसादनं माउसला हात लावला, की हा हात धरायचा. शेवटी त्यानं आपलं हुकमी शस्त्र काढलं. म्हणाला, “ऊठ. आपल्याला गरज नाही असं दाखवून दोन पावलं चालायला लागायचं. दुकानदार मागून हाक मारतोच.”

इथे दुकानदार होता कुठे? होतं ते घड्याळ. त्याला यांची पाठ काय दिसणार आणि ते हाक काय मारणार? पण दोघं खरोखर कॉम्प्युटर सोडून खाली चहाला गेले. प्रसादचा जीव वर अडकला होता, तरी जयप्रकाशनं त्याला दुसरा कप पाजला. परत येऊन बघतात तो पडद्यावर ‘विकली गेली’. जयप्रकाश म्हणाला, दुसरी येईल. दुसरी नव्हतीच.

तेवढ्या वेळात कादसिया भागातल्या अबू यूसुफच्या घरी त्याच्या मुलानं, यूसुफनं, सहज लिलाव उघडून वडिलांना कोंबडा दाखवला होता. अजून उतरेल, असं तो म्हणत होता. म्हातारा म्हणाला, हवी ती वस्तू समोर आहे, मग थांबायचं कशाला? आणि त्यानं बटण दाबलं.

निरोपाच्या दिवशी प्रसाद मिठाईचा डबा घेऊन अबू यूसुफच्या दिवाणियात, म्हणजे पुरुषांच्या बैठकीत आला, आणि मधल्या मेजावर मला बघून दारातच थबकला. मग त्यानं खाली मान घालून सगळं सांगितलं. पेटी हुकल्याचं त्याला फारसं दुःख नव्हतं. ह्या माणसाला द्यायच्या वस्तूसाठी आपण भाव पडायची वाट बघत बसलो, ह्याची त्याला लाज वाटत होती.

अबू यूसुफचं बालपण मुंबईत गेलेलं, वडिलांच्या मोत्यांच्या व्यापारामुळे. हिंदी तिथलीच. तो शांतपणे म्हणाला, “जंग के बाद तू मेरे पास आया, तब मैंने तेरा भाव किया था क्या?”

म्हाताऱ्यानं मला उघडून एक सिगार पुढे केली. ती प्रसादनं घेतली नाही. पुढच्या वर्षी येतो, तेव्हा तुमच्याबरोबर ओढीन, असं बोलून गेला.

आता दोन हजार नऊ चाललंय. माझ्या चोवीस सिगार संपल्या. उरलेल्या एकीला अबू यूसुफ कोणाला हात लावू देत नाही. हल्ली तो बिछान्यातच असतो आणि मी उशाशी. पुण्याहून प्रसादचा फोन येतो. येणार, नक्की येणार, फक्त विमानाची तिकिटं जरा उतरू देत, असं तो सांगतो. जयप्रकाश तिकिटांवर लक्ष ठेवून आहे म्हणे. म्हातारा फोन ठेवतो आणि माझं झाकण उघडून एकदा आत बघतो.

प्रसाद, माझी काळजी करू नकोस. मी लाकूड आहे, मी टिकेन. तिकिटंही उतरतील. पण उशीवरच्या ह्या माणसाचा श्वास रोज उतरतोय, आणि तो कुठवर उतरणार हे कोणी सांगत नाही. आज जो भाव असेल त्या भावानं ये.