चौकात टांगलेली भावी डॉक्टर

मी कर्नाटकातल्या मंठाळ गावच्या चौकातला फ्लेक्स बोलतोय. छापून निघालो तेव्हा वाटलं होतं, एका पोरीचा आनंद मिरवायला चाललोय. खांबाला बांधल्यावर खाली पाहिलं, तर ती पोरगी परक्या माणसाकडे बघावं तशी माझ्याकडे बघत उभी होती. तेव्हापासून मला सगळ्यांचाच संशय येतो.

स्नेहा दहावीला गावात पहिली आली. पुढचे विषय तिने निवडायच्या आतच काका धनराजने मला छापून घेतलं. वर मराठीत आणि खाली कन्नडमध्ये एकच मजकूर: 'भावी डॉक्टर'. छापणाऱ्याने तिचा चेहरा उचलून कुठल्याशा डॉक्टरणीच्या अंगावर चिकटवला. पांढरा एप्रन, गळ्यात स्टेथोस्कोप. चेहरा तिचा, बाकी सगळी बाई परकी. शेजारी हात जोडलेला काका मात्र अस्सल, आणि तिच्या तिप्पट मोठा. अभिनंदन नेमकं कुणाचं?

चहावाला जगदेवप्पा पहिल्याच दिवशी म्हणाला, "धनराजअण्णा, पोरगी डाक्टर व्हायलीय का तुमी मेंबर?"

पंचायतीची निवडणूक तोंडावर होती. सगळे हसले, काका सोडून.

लोक माझ्याखाली फोटो काढायचे. "आता सायन्सच घे गं," म्हणायचे. तुला काय आवडतं, हे मात्र कुणी विचारायचं नाही.

शेवटी बसवकल्याणच्या कॉलेजात विषय सांगायचा दिवस उद्यावर आला. त्या संध्याकाळी स्नेहाने काकाला माझ्याखालीच गाठलं. आई रेणुकाही सोबत होती.

"काका, मला आर्ट्स घ्यायचंय. वकील व्हायचंय."

"आन् ह्याचं काय करू?" काकाने माझ्याकडे बोट केलं. "गावात तोंड कसं दाखवू?"

"भाऊजी, पोरीचं तोंड तुमीच टांगलाव की चौकात," रेणुका म्हणाली. "तिला इचारलं कामून न्हाई?"

"त्यात काय इचारायचं? वकील लई झालेत."

"व्हय? मग कोर्टातले कन्नड कागद घेऊन बाया माझ्याकडं कामून येतेत?" स्नेहाचा आवाज चढला. "वकील नुसता सही करा म्हणतो. कशावर, ते मी मराठीत सांगते."

"बघू," काका म्हणाला आणि जाताना माझी सैल झालेली दोरी घट्ट आवळून गेला. 'बघू' म्हणणाऱ्यावर माझा मुळीच विश्वास नाही.

माणसांनो, माझ्यावर वाढदिवस छापा, दुकानाचं उद्घाटन छापा. पण पोरांचं आयुष्य त्यांना न विचारता छापू नका. आम्ही उन्हात विटून जातो. त्यांना मात्र ते जन्मभर अंगावर वागवावं लागतं.

सकाळी बस यायच्या आधी स्नेहा विळा घेऊन आली. मला वाटलं, संपलो! ती जगदेवप्पाच्या बाकड्यावर चढली.

"समदाच काढतीस का?" त्याने विचारलं.

"न्हाई अप्पा, काकाचा राहू द्या. निवडणूक हाय." तिने स्वतःचा चेहरा तेवढा कापून घेतला, घडी करून पिशवीत टाकला. बस आली.

"काकानं इचारलं तर सांगा," पायरीवरून ती म्हणाली, "आर्ट्स घ्यायला गेली म्हणून."