अंगणातला तंबू

सिनेमातला खून शारशेनच्याच घरात झालाय, हे सरोवराकाठच्या साऱ्या बालिक्ची गावाला ठाऊक होतं. म्हणून तर रविवारी दुपारी संस्कृती भवनात मुंगीला शिरायला जागा नव्हती. अडून बसला होता तो एकटा शारशेन.

"माझ्याच घरात पडलेलं मढं मी पैसे देऊन बघू?"

"बघायचंय," त्याची बायको अनारकुल म्हणाली. "टोपी घाला आणि मुकाट चला."

बाईचा तो आवाज शारशेनच्या चांगल्या ओळखीचा होता. त्याने टोपी घातली.

गेल्या शरदात सिनेमावाले बिश्केकहून आले, तेव्हा हा मेंढरं उतरवायला डोंगरातल्या कुरणांवर गेला होता. अंगण खुशाल वापरा, एवढं सांगून गेला. परतला तोवर सगळं आवरलेलं. काय काय झालं म्हणून विचारलं, तर अनारकुल म्हणाली, "काही नाही, सारखा चहा पीत होते मेले."

पण शारशेनला यायचं नव्हतं ते मढ्यापायी नाही. तिथे तोकतोसुन येणार होता. त्याचा सख्खा मोठा भाऊ.

भांडण कशावरून? एका हाडावरून. हसू नका. मटण वाढताना कुणापुढे कुठलं हाड ठेवायचं, हे आमच्याकडे वयावर आणि मानावर ठरतं. शारशेनच्या मुलीच्या लग्नात गडबड झाली आणि मानाचं कमरेचं हाड गेलं नवरदेवाच्या ड्रायव्हरपुढे. थोरल्या भावाच्या ताटात आला खांदा. तोकतोसुनने सुरी पुसली, म्यानात घातली आणि भर पंगतीत उठून उभा राहिला.

"मला खांदा वाढतोस? लेका, उद्या मेलास ना, तर खांदा द्यायलासुद्धा येणार नाही मी!"

तेव्हापासून अबोला. बाजारात समोरासमोर आले तर एक बटाट्यांकडे बघायचा, दुसरा आभाळाकडे. शारशेन कितीदा तरी दादाच्या फाटकापर्यंत जाऊन माघारी फिरला. चूक आपली, हे त्याला कळत होतं. पण दादा ते वाक्य गिळेल असं त्याला वाटत नव्हतं, आणि ते वाक्य त्याच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं होतं. आमच्याकडे माणूस गेला की अंगणात लोकरीच्या नमद्याचा गोल तंबू उभा राहतो. तो दिसला की पुरुषमाणसं लांबूनच हंबरडा फोडत येतात. दारातल्याने पुढे होऊन आलेल्याला मिठीत घ्यायचं आणि दोघांनी मिळून रडायचं. आलेल्याला तसंच ताटकळत कोणी ठेवत नाही. आपल्या तंबूकडे सगळे येतील, दादा तेवढा येणार नाही, हे शारशेनने धरूनच ठेवलं होतं. ते आठवलं की त्याला जेवण गोड लागायचं नाही.

दिवे विझले. सिनेमा होता भीतीचा, पण घाबरायला फुरसत कुणाला होती? खुनी बाजारातून पळाला आणि वळणावर थेट सरोवराच्या धक्क्यावर निघाला.

"अरे बाबा, तिथून धक्का कुठला? तिथे भिंत आहे!" मागून कोणीतरी ओरडलं.

"उडी मारली असेल!"

"तुझ्या सासऱ्याच्या गोठ्यावरून?"

सारं सभागृह हसलं. शारशेनलाही हसू फुटलं. मग पडद्यावर त्याचंच अंगण आलं. जर्दाळूचं झाड, पाण्याचा पंप आणि मधोमध पांढरा तंबू. आत खून झालेला म्हातारा निजलेला. दाराशी नटमंडळी गंभीर तोंडं करून उभी.

तेवढ्यात रस्त्याकडून आवाज आला.

"बोरुमोय! बोरुमोय!"

धाकट्या भावाला आम्ही काळीजच म्हणतो, बोरुम. फाटकातून एक म्हातारा धडपडत आत आला. टोपी पडलेली, पायात एकच बूट. "माझ्या काळजा! मला मागे ठेवून कुठे गेलास रे! मी बोललो, माझी जीभ झडो! ऊठ रे शारशेन, हवं ते हाड वाढ, खांदा वाढ, पण ऊठ!"

सिनेमातल्या मढ्याचं नाव शारशेन नव्हतं. तो म्हातारा नटही नव्हता.

दाराशी उभे असलेले नट बघतच राहिले. कोणी पुढे झालं नाही. तोकतोसुन दोन्ही हात पसरून तंबूसमोर उभा, आणि ते हात तसेच हवेत असताना चित्र बदललं.

शारशेन बायकोकडे वळला.

"रस्त्यावरून तंबू दिसला त्यांना," अनारकुल कुजबुजली. "तुमच्याबद्दल त्यांच्यापुढे ब्र काढायची सोय नव्हती, मग सिनेमाचं सांगणार कोण? तुम्हीच गेलात असं वाटलं. कॅमेरा चालूच होता. खरं कळलं तेव्हा भिंतीशी मटकन बसले. मग भाकरीवर हात ठेवायला लावून माझ्याकडून शपथ घेतली, बोलायचं नाही म्हणून."

"आणि तू गप्प राहिलीस?"

"शपथ बोलायची नाही अशी होती. दाखवायची नाही अशी कुठे होती?"

आपल्यासाठी कोण रडलं हे गेलेल्याला कधी कळतं का? शारशेनला कळलं होतं, तेही धडधाकट जिवंत असताना. त्याला बायकोचे, त्या चहाबाज सिनेमावाल्यांचे आणि वर बसलेल्याचे एकदमच पाय धरावेसे वाटले.

मागच्या रांगेतून एक टोपी घाईघाईने दाराकडे निघाली होती. शारशेन लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर धावला. डोंगराच्या खिंडीतून सोसाट्याचा उलान वारा सुटला होता आणि तोकतोसुन खाली मान घालून पायऱ्या उतरत होता.

"दादा!"

तोकतोसुन थांबला. वळला नाही. "सिनेमात काहीही दाखवतात," तो म्हणाला.

शारशेनने पुढे होऊन त्याला घट्ट मिठी मारली. दारात उभं राहणाऱ्याने मारायची तशी. आणि हंबरडा फोडला.

"सोड रे, लोक बघतायत."

"बघू देत. तू रडत आलास तेव्हा तुला घ्यायला दारात मी नव्हतो."

"कसा असशील गाढवा?" तोकतोसुनचा आवाज फुटला. "मेला होतास ना तू!"

मग दोघे भाऊ वाऱ्यात उभे राहून पोटभर रडले. आत खुनी कोण ते उघड झालं असावं, कारण लोक ओरडत होते. अनारकुल शाल सावरत पायऱ्या उतरून आली.

"अगं," शारशेनने डोळे पुसत विचारलं, "घरात कमरेचं हाड आहे का?"

"सकाळपासून शिजतंय," ती म्हणाली. "चला आता, दोघंही."