रांगेतली जागा

भिंत, काल

उत्तर भारतात, विकास नगरातल्या एका सोसायटीच्या बाहेरच्या भिंतीवर एक रांग होती. करोनात ऑक्सिजनसाठी लागलेली. माणसं सगळी सोसायटीतलीच, हातात रिकामे सिलिंडर. काही जण आज नाहीत. जुई आणि तिच्या मैत्रिणींनी ती रंगवली होती. तिचे बाबा, श्रीरंग, रांगेत होते. त्यांच्या मागे सक्सेनाआंटी.

भिंत, आज सकाळी

"पापा, आपने साइन किया?" जुईनं विचारलं.

श्रीरंग बँकेची बॅग भरत राहिला. सोसायटीचा सेक्रेटरी तोच. त्याच्या सहीशिवाय भिंतीला कुणी हात लावू शकत नव्हतं.

"वरून फोन आला. पाहुणे येताहेत, भिंत बरी दिसत नाही म्हणे. पांढरी करून वर फुलं रंगवणार आहेत. फुलांत काय वाईट आहे?"

"मामा के लिए ही तो खड़े थे आप!"

"चित्र कुणी काढलं विचारत होते. तुझं नाव विचारत होते, जुई!" त्याचा आवाज फाटला. "मी काय करणार होतो?"

जुईची आई, मालिनी, कणकेच्या हातांनीच बाहेर आली.

"भास्कर गेल्याचा फोन तुम्हाला रांगेतच आला होता ना?"

"मालिनी, नको."

"माझा भाऊ गेला, तरी तुम्ही रांग सोडली नाहीत. सिलिंडर भरलात, मागच्या सक्सेनाआंटींना दिलात. आणि आज एका फोनवर रांग सोडलीत! उद्या म्हणतील, रांग नव्हतीच. काय दाखवाल मग?"

श्रीरंग अनवाणीच धावला.

भिंत, थोड्या वेळानं

पांढरी.

पांढरी.

एका ठिकाणी राहून गेलेली निळी बाही. त्याचीच.

"थांबा! मी सही मागे घेतो!"

"अब क्या फायदा, भाईसाहब," रंगारी म्हणाला.

रोलर फिरला. बाही गेली.

श्रीरंग ओल्या रंगाला पाठ लावून तिथंच उभा राहिला. चित्रात होता, तिथंच. शेजारी जुई. मग मालिनी. मग गेटमधून खडखडाट आला. सक्सेनाआंटी तोच सिलिंडर ओढत येत होत्या! त्या चित्रातल्या आपल्या जागी, रांगेत श्रीरंगच्या मागे, जाऊन उभ्या राहिल्या.

"आंटी, आप तो हटिए. छींटे पड़ेंगे."

"बेटा, लाइन में हूँ."

रंगाऱ्यानं रोलर बादलीत ठेवला.

भिंत, उद्या

उद्या कदाचित इथं फुलं असतील. पण नागरिकहो, आपली आठवण पुसायला सही आपलीच मागतात. देऊ नका! आणि घाबरून दिलीच असेल, तर जा. आपल्या जागेवर उभे राहा. भिंत पांढरी झाली, तरी रांग आपण मोडायची नाही.