शोभाबाईंच्या पाठीवरचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. पाच लिटरचा. हसू नका. जनवाडा गावातली निम्मी माणसं माझ्या जिवावर पोहायला शिकली आहेत, आणि हे मी फुशारकी म्हणून नाही, खरं म्हणून सांगतो.

जन्माला आलो तेव्हा माझ्यात करडईचं तेल होतं. तात्यारावांच्या लग्नातली भजी तळताना ते संपलं. दुसऱ्या कुणी मला रॉकेलला लावलं असतं. पण तात्याराव साखर कारखान्यात फिटर. त्यांनी मला धुतलं, सांध्यांना कथलाचा डाख दिला, दोन कड्या बसवल्या आणि तोंडाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेलं लाकडी बूच ठोकलं. आत निव्वळ हवा. तेव्हापासून उन्हाळा लागला की मी पोरांच्या पाठीवर आणि पोरं तात्यारावांच्या विहिरीत.

ती विहीर त्यांच्या आजोबांनी स्वतः खणलेली. एके काळी या घराला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत. पुढे त्याच गावातल्या सगळ्या गल्ल्यांमधली पोरं इथं डुंबायला येऊ लागली. तात्यारावांनी कुणाला ‘तू कुणाचा’ म्हणून कधी विचारलं नाही. दोरी घट्ट बांधलीस का, एवढंच विचारायचे.

त्यांची शिकवायची एक युक्ती होती. पोर जरा हात मारायला लागलं की ते रोज गुपचूप माझ्यात एक पेला पाणी ओतायचे. पाणी वाढेल तशी हवा कमी, आधार कमी. मला बांधायचे ते पोर पाण्यात उतरल्यावरच, त्यामुळे वजनाचा त्याला पत्ताच नसे. पंधरा-वीस दिवसांत मी गच्च भरलेला, आणि पोर आपलं मजेत पोहतंय! मग तात्याराव सगळ्यांसमोर मला उपडं करायचे. भडभडा पाणी पडायचं आणि पोर आ वासून बघत राहायचं. काय ते दिवस होते! अजून आठवले की मन भरून येतं.

तो पेला भरून द्यायच्या शोभाबाई, तात्यारावांच्या पत्नी. पोरांचे टॉवेल हातात धरून त्या चाळीस उन्हाळे काठावर उभ्या राहिल्या. त्यांना ‘पाण्यात ये’ असं कुणी म्हटलं नाही.

मग तात्याराव रिटायर झाले. मुलानं बिदरला, नौबाद भागात घर बांधलं होतं. दोघं तिकडे राहायला गेली आणि बोचक्यात मीही गेलो. घर छानच होतं, पण फरशी इतकी चकचकीत की मला कुठं ठेवावं हेच कुणाला कळेना. शेवटी गच्चीवर पडलो. तात्याराव दिवसभर टीव्हीसमोर, शोभाबाई गच्चीवर फेऱ्या मारतायत. आम्ही तिघंही गंजत होतो, फक्त माझा गंज दिसायचा.

एका सकाळी सून ज्योत्स्ना पत्र्याची कात्री घेऊन वर आली. मला कापून कढीपत्ता लावायचा बेत. मनानं वाईट नाही हो ती, पण माझा इतिहास तिला कुठला ठाऊक? कात्री माझ्या काठाला लागली आणि शोभाबाईंनी तिचा हात धरला.

“कापू नको बाई. मला पव्हायला शिकायचंय.”

तात्याराव धावत वर आले. आता ह्या वयात कामून, म्हणून विचारू लागले.

“चाळीस वर्सं काठावर टावेल धरून हुबी ऱ्हायले,” शोभाबाई म्हणाल्या. “पाणी आतनं कसं लागतंय, त्ये एकदा बघायचं हाय.”

तात्यारावांनी खाली जाऊन डाख द्यायचं सामान शोधलं.

कारखान्यातले त्यांचे जुने सोबती शिवशंकरप्पा यांचं शेत जवळच होतं. विहिरीला पायऱ्या होत्या. ‘अक्का, विहीर तुमचीच’ असं म्हणून, तिकडे कुणी फिरकू नये म्हणून ते स्वतः वाटेवर खाट टाकून बसले. ज्योत्स्नानं आपला पंजाबी ड्रेस दिला. शोभाबाईंना पाण्यापेक्षा त्याचीच धास्ती जास्त.

महिनाभरात त्या चांगले हात मारू लागल्या. कमरेला दोर, त्याचं टोक तात्यारावांच्या हातात आणि पाठीवर मी. पण पेला काही निघेना! गावच्या पोरांना बिनधास्त पाण्यात सोडणारा हा माणूस बायकोच्या बाबतीत भ्याला. शोभाबाई रोज मला कानाशी धरून हलवून बघायच्या. आत खळखळ नाही. त्यांचा चेहरा पडायचा. नवरा आपल्याला शिकवत नाही, नुसता खेळवतोय, हे त्यांना कळत होतं.

एके दिवशी तात्याराव वाटेवर शिवशंकरप्पांशी बोलत मागे राहिले. शोभाबाई खालच्या पायरीवर बसल्या, त्यांनी बूच काढलं आणि मला पाण्यात दाबलं. बुडबुड करत माझी सगळी हवा गेली. पुन्हा बूच ठोकून त्यांनी मला पाठीला बांधलं. मित्रांनो, माझा जीव टांगणीला लागला. ज्यांनी मला कात्रीखालून वाचवलं, त्यांना मी आता बोटभरही उचलू शकत नव्हतो.

तात्याराव आले, दोर धरला. शोभाबाई निघाल्या. मधोमध नाकातोंडात पाणी गेलं, त्या खोकल्या. दोर ताणला गेला. त्यांनी हातानंच ‘नको’ म्हणून खुणावलं. पलीकडच्या भिंतीला हात लावला आणि परत आल्या.

तात्याराव खूश होऊन मला सोडायला गेले आणि थबकले. मी जड लागलो. बूच काढून त्यांनी मला उपडं केलं. पायरीवर भडभडा पाणी पडलं, आणि या खेपेला आ वासून बघणारे तेच होते.

“पेला तुमी इसरलात,” शोभाबाई म्हणाल्या. “मीच भरून घेतला.”

तात्याराव पायरीवरच बसले आणि रडले. आनंदानं, आणि थोडं शरमेनंही.

आता कढीपत्ता विकतच्या कुंडीत आहे. मी खिळ्यावर असतो आणि रविवारी ज्योत्स्नाच्या पाठीवर. मित्रांनो, जुनी वस्तू कापण्याआधी ती काय करायची ते विचारा. आणि घरातल्या आजी-आजोबांना ‘आता आराम करा’ असं म्हणण्याआधी विचारा, तुमचं काय शिकायचं राहिलंय? शोभाबाईंना हे चाळीस वर्षांत कुणी विचारलं नाही. मीही नाही, आणि मी तर रोज काठावर त्यांच्या पायाशीच पडलेलो असायचो.