सोनचाफ्याच्या पाच पायऱ्या

“त्या बंगल्याचं नाव बी काढू नगंस,” आबा फोनवर ओरडले. “फोटूत त्यो मोठा गुलमोहर दिसतोय न्हवं, त्यो दोन वर्सांमागंच पडलाय.”

“आबा, आपल्याला झाड नकोय. बंगला हवाय.”

“आगं, पडल्यालं झाड उभं दावत्यात, ती मानसं पान्याचं तरी खरं सांगतील का? तितं टँकर येतो.”

मी नवलाख उंबरे गावच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, त्यातली वीस मिनिटं आबांनी बंगले नापास करण्यात घालवली. नापास करायचं काम मीही दिवसभर करते, पण मी निदान पार्ट हातात घेऊन बघते. आबा नुसत्या नावावरून निकाल देत होते. आठ दिवस हेच चाललं होतं. सारिका वहिनी ‘आईची सहल’ या ग्रुपवर फोटो टाकायची, राजेंद्रदादा अंगठा दाखवायचा, आणि आबांचा फोन मला यायचा. कारण सुनेला नाही म्हणायचं त्यांच्या जिवावर येतं. लेकीला काय, कधीही झापता येतं!

तसं आबांचं बोलणं खोटं नव्हतं. तीस वर्षं ते लोणावळ्यात बंगल्यांचे केअरटेकर आहेत. शनिवारी पाहुणे यायच्या आत मोटर लावायची, गीझर चालू करायचा, सिलिंडर बदलायचा. रविवारी ते गेले की बाटल्या उचलायच्या. आई त्याच बंगल्यांच्या स्वयंपाकघरात कोंबडीचा रस्सा आणि तांदळाच्या भाकरी करायची. आईच्या भाकरीसाठी लोक पुन्हा तोच बंगला मागायचे. दोघांनी मिळून शंभर तरी बंगले आतून पाहिले असतील. राहिले मात्र एकाही बंगल्यात नाहीत. रोज संध्याकाळी मुकाट्याने शेजारच्या औंढे गावी घरी.

दीड वर्षापूर्वी आईला लकवा मारला. उजवी बाजू गेली. पाय थोडाफार परत आला, हात काही आला नाही. तेव्हापासून दवाखाना सोडला तर तिने उंबरा ओलांडला नव्हता. सख्ख्या भाच्याच्या लग्नालाही गेली नाही. “डाव्या हातानं जेवताना मानसं बघत्यात,” एवढंच म्हणायची. जिच्या हाताची चव सगळ्या लोणावळ्याने घेतली, ती आता घासासाठी दार लावून बसते, हे मला बघवत नव्हतं. दिवाळीत मी लय मागे लागले तेव्हा तिच्या तोंडून निघालं, “फकस्त आपलीच मानसं आसतील, तर यीन.” मी तो शब्द धरून ठेवला.

लांबचा प्रवास तिला सोसत नाही, म्हणून लोणावळाच ठरलं. दादा म्हणाला, “औंढ्याहून लोणावळ्याला सहल? लोक हसतील.” मी म्हटलं, हसतील त्यांचे दात दिसतील. मला भीती निराळीच होती. तिथे ती एकदा जरी पडली, एकदा जरी तिला लाजल्यासारखं झालं, तरी ती पुन्हा कधी घराबाहेर पडणार नव्हती. आबांनाही ते कळत होतं, म्हणून तर एकही बंगला त्यांच्या मनास येत नव्हता.

शेवटी एका रविवारी मीच त्यांच्या स्कूटरवर मागे बसले. म्हटलं चला, दाखवा तुमचं रत्न.

तुंगार्लीतल्या पहिल्या बंगल्याला मोठा पोहण्याचा हौद होता. दादाच्या लेकीला, प्रेरणाला, तोच हवा होता. आबा म्हणाले, “पोरं पवतील. तुझ्या आईनं काय करायचं, काठाव बसून टाळ्या वाजवायच्या?” दुसऱ्याच्या झोपायच्या खोल्या माडीवर. आबांनी तर गाडीसुद्धा बंद केली नाही. तिसरा पांगोळीच्या बाजूला, ‘सोनचाफा’. जुना, पिवळ्या रंगाचा, खालीच सगळ्या खोल्या, बागेत एक झोपाळा. रतन नावाची बाई तो सांभाळते. तिच्याकडून किल्ली घेऊन आबांनी मागच्या अंगणात स्कूटर लावली, दाराबाहेर चपला काढल्या आणि स्वयंपाकघराचं कुलूप उघडलं. मीही त्यांच्या चपलांशेजारी माझ्या काढल्या. त्या दाराला पायरी नव्हती. सिलिंडरची ढकलगाडी आत यावी म्हणून उतार केलेला होता.

“बघ!” आबा खूश झाले. “पाय उचलायचंच काम न्हाई.”

मग ते आतल्या खोलीत पलंगापाशी गेले आणि उजवा पाय ओढत चालायला लागले.

“आबा, पायाला काय झालं?”

“काय न्हाई गं. तुझ्या आईवानी चालून बघतोय.”

एक हात भिंतीला, डावं पाऊल पुढे, उजवं फरफटत मागून. पलंग ते संडास नऊ पावलं भरली. “आपल्या घरी अकरा हायेत,” ते म्हणाले. तिला धरून दोन माणसं दारातून जातात का, ते मला शेजारी उभं करून पाहिलं. मग बाथरूमच्या फरशीवर तांब्याभर पाणी ओतलं आणि त्यावरून अनवाणी तसेच लंगडत फिरले. पाय घसरला नाही. मला भडभडून आलं. ह्या माणसाने आयुष्यात बायकोला कधी नावाने धड हाक मारली नाही, आणि तिची चाल मात्र तंतोतंत पाठ केलेली! मी खिडकी उघडायचं निमित्त करून तोंड फिरवलं.

“पास,” आबा म्हणाले. ग्रुपवर दादाने ‘स्विमिंग पूल नाही??’ असं विचारलं. त्याला कुणीच उत्तर दिलं नाही.

जानेवारीतल्या एका शनिवारी निघालो. आईला मी मोरपंखी साडी नेसवली. तिच्या उजव्या चपलेला आबांनी टाचेमागून इलॅस्टिक शिवून घेतलं होतं, चालताना पायातून निसटू नये म्हणून. वाटभर ती काचेतून बाहेर बघत होती. “ही दुकानं कवा झाली?” एवढंच दोनदा विचारलं. दादाने फाटकातून गाडी आत घेतली आणि तो पोर्चपाशी थांबणार, तेवढ्यात आबा म्हणाले, “मागं घे, मागं. उताराच्या दाराशी.”

गाडी मागे गेली. धुणं धुवायचा दगड, कचऱ्याचा डबा, दोन रिकामे सिलिंडर. आबांनी घाईघाईने उतरून आईच्या बाजूचं दार उघडलं. आई हलली नाही.

“हितं का थांबलो?”

“हितनं पायरी न्हाई. सरळ आत.”

“हे मागचं दार हाय.”

“व्हय.”

“वीस वर्सं म्या असल्याच दारानं भाकरी थापाया गेले,” आई हळू म्हणाली. लकव्यानंतर ती एकेक शब्द जोखून बोलते. “आज कुनाच्या भाकरी करायच्यात?”

आबांचा चेहरा एवढासा झाला. “तसं न्हवं गं...” म्हणाले.

“म्होरल्या दाराला किती पायऱ्या हायेत?”

आबांना सांगता येईना. मलाही येईना. आम्ही पावलं मोजली, दारं मापली, फरशी भिजवून पाहिली, आणि पुढच्या दाराकडे दोघांपैकी एकानेही बघितलं नव्हतं. ते दार आबा आतून उघडायचे, पाहुण्यांसाठी. मी लहानपणी आईबरोबर भांडी घासायला जायची ती मागूनच. आजोबांच्या काळात तर आमच्या माणसांना कुणाच्या मागच्या दारातही उभं राहायची सोय नव्हती, त्यामुळे मागचं दार मिळालं हेच आबांना पुष्कळ वाटत आलं असेल. पण मी? मी शिकलेली, पगार आणणारी, रोज दुसऱ्यांच्या चुका काढणारी. माझेही पाय आपोआप मागेच वळले होते. मला माझाच राग आला.

दादा पळत जाऊन बघून आला. “पाच आहेत. आणि धरायला कठडा नाही. आई, हट्ट करू नको. पडशील.”

“पडले तर उचला की! येवढी ढीगभर मानसं कशाला आलीयात?”

दादाने गाडी वळवून पुढे घेतली. मी आईला उतरवलं, काठी हातात दिली. पाच रुंद पायऱ्या, वर बंद दार. आबा कुठेच दिसेनात. मला वाटलं, रुसले बहुतेक.

तेवढ्यात आतून कडी वाजली. दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या आणि मधोमध आबा उभे, अनवाणी, धापा टाकत. मागच्या दाराने शिरून सगळं घर पळत ओलांडून आले होते. त्यांनी हात जोडले.

“या मॅडम, या. परवासात तरास न्हाई ना झाला?”

आई हसली. वाकड्या तोंडाने, पण तोंड भरून हसली. दीड वर्षात तिला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं.

“मॅडम म्हने! आदी सरा बाजूला, वाटंत उभं ऱ्हायलात.”

तिने डावं पाऊल टाकलं. मग उजवं ओढून घेतलं. एक. मी तिच्या पाठीमागे हात धरून होते, पण लावला नाही. तिसऱ्या पायरीवर काठी डगमगली, तशी मी आणखी जवळ सरकले. वरून आबा नुसते ओठ हलवत मोजत होते. पाचवी चढून आई दारात थांबली, कपाळाला घाम, आणि मागे वळून आम्हा सगळ्यांकडे बघितलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत ते बरं झालं, तिला आवडलं नसतं.

दुपारी रतनने पानं वाढली. “मावशी, तुमीच शिकवल्याल्या भाकरी हायेत,” ती म्हणाली आणि तिथेच उभी राहिली. आईचा डावा हात मांडीवरच होता. रतन ओळखीची असली तरी घरची नव्हती, आणि ती काही हलत नव्हती. मी तिला आत पाठवायला उठणारच होते. तेवढ्यात आईने डावा हात वर घेतला, भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवून खाल्ला आणि म्हणाली, “कडंला जाड ऱ्हायली. थापताना कडंनं हात फिरव, मधी नगं.”

“व्हय, मावशी,” रतन म्हणाली. आईने दोन भाकरी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर आई पलंगावर नव्हती. स्वयंपाकघरातून काठीचा आवाज येत होता, त्यामागे काहीतरी घासल्याचा. धावत गेले. आई एकटी उभी होती आणि काठीच्या टोकाने आबांच्या चपला पुढे ढकलत होती. आबा कालपासून मागच्याच दाराने ये-जा करत होते आणि चपला तिथेच काढत होते.

“आई! अगं घरातून चपला!” लहानपणी ह्याच गुन्ह्यासाठी मी हिच्या हातचा मार खाल्लेला.

“फरशी पुसून घे मागनं.”

“दे, मी नेते.”

“हात लावू नगंस.”

स्वयंपाकघर, मग जेवणाचं टेबल, मग हॉल. आधी एक ढकलायची, मग दुसरी. एक सोफ्याखाली गेली, ती तिने वाकून, काठी आडवी घालून काढली. पंधरा मिनिटं लागली. पुढच्या दाराबाहेर तिच्या इलॅस्टिकच्या चपला होत्या. त्यांच्या शेजारी तिने आबांच्या नेऊन लावल्या, डावीच्या जागी डावी, उजवीच्या जागी उजवी, आणि येऊन सोफ्यावर बसली.

थोड्या वेळाने मागच्या दारातून आबांची हाक आली, “तेजू, मोटर लावायला निघालतो. माज्या चपला कुत्र्यानं नेल्या वाटतं!”

“म्होरं बघा,” आईने सोफ्यावरूनच सांगितलं.

आबा आले. दाराबाहेर शेजारी लावलेले दोन्ही जोड बघितले. मग चपला पायात सरकवल्या, पाचही पायऱ्या एकेक करत उतरले आणि खाली थांबून त्यांनी बंगल्याकडे तोंड वर करून पाहिलं. तसेच पुन्हा चढून आले. आईच्या चपलांशेजारी स्वतःच्या काढल्या, पायाने जरा सरळ केल्या.

“मोटर लावायची व्हती न्हवं?” आईने विचारलं.

“लावंल रतन,” आबा म्हणाले, आणि तिच्याशेजारी सोफ्यावर बसले. आधी नुसते कडेला, मग पाठ टेकून.